घाबरायचं काम नाही

माइकवर दोन टिचक्या. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग, "ऐका. घाबरायचं काम नाही."

आमच्या सोसायटीच्या चारही इमारतींना हे शब्द पाठ होते. खरं सांगायचं तर ते कानावर पडले की आधी हातातलं काम सुटायचं. घाबरायचं काम नसताना कोण कशाला भोंग्यावर येईल? आज टँकर येणार नाही, घाबरायचं काम नाही. सी विंगची लिफ्ट मधेच अडकली आहे, आत दोन माणसं आहेत, घाबरायचं काम नाही. पंपाजवळ साप निघाला आहे, मोठा आहे, घाबरायचं काम नाही.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल. ना अध्यक्ष, ना सेक्रेटरी, पण सगळी सोसायटी त्याच्याच बोलण्यावर चालते. आमच्याकडे हे काका होते. रायगडातल्या एका बसस्थानकावर त्यांची सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते मीरा रोडला आले आणि गणपती मंडळाचा भोंगा सोसायटीच्या कार्यालयात धूळ खात पडलेला पाहून त्यांना राहवलं नाही.

त्यांचा एक नियम होता. "खजिनदार," ते मला म्हणायचे, कारण सोसायटीचे हिशोब माझ्याकडे असतात, "गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी कधी पुकारली नाही. फोन येऊ दे, साहेब सांगू दे. नाक्यावर गाडीचं तोंड दिसलं की मग माझं तोंड उघडायचं." इथंही तसंच. टँकर निघाला असा फोन आला तरी ते आधी चालत हायवेच्या वळणापर्यंत जायचे, टँकर बघायचे, परत यायचे आणि मग सूचना द्यायचे. तोवर टँकर फाटकात आलेला असायचा. आम्ही हसायचो. पण त्यांची सूचना खोटी ठरली असं एकदाही झालं नाही. मी आकड्यांचा माणूस आहे, 'एकदाही' हा शब्द सहज वापरत नाही.

सूचना आधी मराठीत, मग हिंदीत. माइकसमोर आवाज असा की भिंतीला हात लावला तर जाणवावा. माइक बाजूला ठेवला की मात्र समोरच्यालाही ऐकू येऊ नये इतके हळू बोलायचे. काकू म्हणायच्या, "घरात यांचं बोलणं मला ऐकूच येत नाही. बाजारातून काय आणू ते पण भोंग्यावरून सांगा म्हटलं!"

आमच्या भागात मालिकांचं शूटिंग नवं नाही. घोडबंदर रोडला, चेणे गावाच्या बाजूला सेट असतात. कधी एखादी गच्ची, एखादा जिना भाड्यानं हवा असला की ते लोक सोसायट्यांमध्ये येतात. तसे ते आमच्याकडे आले. हेरगिरीची मालिका होती. एका काल्पनिक देशात सरकार उलथून टाकण्याचा कट शिजतो आणि एक हेर तो शोधून काढतो, अशी काहीतरी गोष्ट. आमच्या गच्चीवरून त्यांना नेम धरून बसलेला माणूस दाखवायचा होता.

त्या दिवशी काकांनी सूचना दिली. "ऐका. घाबरायचं काम नाही. आज गच्चीवर बंदुकीचे आवाज येतील. बंदुका मी स्वतः बघितल्या आहेत. त्या खोट्या आहेत."

युनिटचा एक तरुण दिग्दर्शक खाली चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "ये आवाज़ किसकी है?"

असं काकांना काम मिळालं. कटवाले रेडिओ केंद्र ताब्यात घेतात, निवेदकाच्या मानेला बंदूक लावतात आणि त्याच्याकडून देशाला संदेश वाचून घेतात. तो निवेदक काका. चेहराही त्यांचा, आवाजही त्यांचा. एक पान हातात मिळालं होतं, ते घेऊन ते माझ्याकडे आले.

"खजिनदार, आयुष्यभर पुकारलं, पण पुकारणाऱ्याचं तोंड कुणी बघितलं नाही. आता बघतील."

"पाठ झालं का?"

"होतंय. मराठीत करून घेतलंय. मराठीत पोटात गेलं की हिंदीत तोंडातून येतं." मग जरा थांबून, हळूच म्हणाले, "फक्त एक आहे. यातलं मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही. न बघता पुकारायचं म्हणजे कसंसंच वाटतं."

"काका, नाटक आहे ते."

"हो, नाटकच," ते म्हणाले. पण पान घडी करून खिशात ठेवण्याआधी त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

तो रविवार होता. आमची मंडळी मुलीला घेऊन भाईंदरपलीकडच्या डोंगरीला बहिणीकडे गेली होती. मी घरी एकटा, गॅसवर मटकी शिजत होती. सकाळीच काकांनी टाकी धुण्याची सूचना दिली होती. त्यामुळे भोंगा पुन्हा खरखरला तेव्हा वाटलं, टाकीचंच काही असेल. दोन टिचक्या. घसा साफ केल्याचा आवाज.

"ऐका. घाबरायचं काम नाही. देशाच्या प्रमुखांना आज सकाळी पदावरून दूर करण्यात आलं आहे. राजधानीचा ताबा सैन्यानं घेतला आहे. नागरिकांनी घराबाहेर पडू नये. रस्त्यावर दिसणाऱ्यास गोळी घालण्यात येईल. पुढील सूचना याच आवाजात दिली जाईल."

आणि मग तेच हिंदीत.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला मालिकेचं माहीत होतं, तुम्ही कसे फसलात? मीही नंतर स्वतःला हेच विचारलं. ते पान मी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. आणि माणूस घाबरायचा असला की आधी पाय घाबरतात, डोकं मागून येतं.  पहिला विचार आला तो डोंगरीहून सुटणाऱ्या बसचा. या दोघी आत्ता बसमध्ये असल्या तर? रस्त्यावर.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सगळेच लावत असणार. खाली दुकानांची शटर पडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग ओळीनं. रविवारच्या सकाळी आमच्या रस्त्यावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी बाईमाणूस एकच नाव घेऊन हाका मारत होतं. कुठंतरी बादल्या भरायला सुरुवात झाली होती.

समोरच्या दारातले गुजराती शेजारी बाहेर आले. पायात एकच चप्पल. "भाई, टीवी पे तो कुछ भी नहीं आ रहा! गाना चल रहा है!"

मला जरा धीर आला. मी म्हटलं, "मग काही झालं नसेल."

त्यांचा चेहरा आणखी उतरला. "अरे, टीवीवालों को भी पकड़ लिया होगा! तभी तो गाना चल रहा है।"

आणि मला ते पटलं. खरंच पटलं. आज लिहिताना हसू येतं, पण त्या जिन्यात उभे राहून आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये एकमेकांचा हात घट्ट धरून होतो.

तेवढ्यात भोंग्यावर तोच संदेश पुन्हा सुरू झाला. शब्द न् शब्द तोच. तेव्हा कुठं माझं डोकं मागून येऊन पोचलं. पान. मालिका. मी जिन्यावरून खाली धावलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर चार-पाच माणसं खाली वाकून कुणाला तरी उचलत होती. मी थांबलो नाही. कार्यालयाचं दार ढकललं.

आत काका उभे होते, चष्मा नाकावर, एका हातात माइक, दुसऱ्यात पान. त्यांच्या मागं गणवेशातला एक माणूस उभा होता आणि त्यानं काकांच्या मानेला काहीतरी काळं टेकवलं होतं.

त्या क्षणाची भीती मी सांगू शकणार नाही. आत्ता जे डोक्यानं खोटं ठरवलं होतं, ते डोळ्यांसमोर खरं उभं होतं.

गणवेशातला माणूस वळला. आमचा वॉचमन. हातात टॉर्च. "साहब, काका रिहर्सल कर रहे हैं," तो हसत म्हणाला.

शेजारच्या खोलीत टाकीचा पंप धडधडत होता. त्या आवाजात बाहेरचा भोंगा आत ऐकूच येत नव्हता. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा कधीचा गेलेला. सकाळची सूचना झाल्यावर त्यांनी बटण दाबून बंद केलं होतं आणि खात्री करायला म्हणून पुन्हा एकदा दाबलं होतं, म्हणजे ते चालूच झालं होतं. माइक हातात असल्याशिवाय आवाज निघत नाही म्हणून तो धरला होता. आणि 'घाबरायचं काम नाही' हे पानावर नव्हतंच. ते सवयीनं आलं होतं. लोकांनी विश्वास ठेवला तो त्या तीन शब्दांमुळे.

मी प्लग उपटला. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं? पाणी गेलं का?"

मी सांगितलं. त्यांनी पान खाली ठेवलं, अगदी सावकाश, जणू ते फुटेल. मग म्हणाले, "लाव प्लग. मी सांगतो. मीच सांगायला हवं."

प्लग लावला. दोन टिचक्या. घसा साफ केला. तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज नाही.

शेवटी माइक मी घेतला. माझं नाव सांगितलं, हे खोटं आहे, मालिकेतलं आहे, काही झालेलं नाही असं सांगितलं. त्याचा परिणाम काय झाला ते ऐका. वरच्या खिडक्यांतून लोक ओरडायला लागले.

"काकांना बोलू द्या!"

"काका कुठे आहेत? काय केलंत त्यांना?"

पुढील सूचना याच आवाजात दिली जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. दुसऱ्याचा आवाज आला याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीनं लावला. मग मी काकांना हाताला धरून बाहेर आणलं, चारही इमारतींच्या मध्ये उभं केलं, आणि वॉचमनला सांगितलं, तू लांब जा, टॉर्च खिशात घाल. काका उन्हात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. कुणीतरी रडत रडत हसलं. कुणीतरी शिवी दिली. हळूहळू खिडक्या मोकळ्या झाल्या. आमच्या दोघी दुपारी नेहमीच्या बसनं सुखरूप आल्या आणि करपलेल्या मटकीवरून मला बोलणी बसली.

पण जिन्यात जिला उचलत होते ती पहिल्या मजल्यावरची आजी होती. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, मुलाबरोबर आमच्या सोसायटीत राहायला आलेली. तिचा मुलगा मासळी आणायला बाहेर गेला होता. रस्त्यावर दिसणाऱ्याला गोळी घालणार हे ऐकून ती त्याला अडवायला फाटकाकडे निघाली आणि जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

काका दुसऱ्या दिवशी तिला बघायला गेले. मी सोबत होतो. मुलगा दारातच आडवा उभा होता. आतून आजीच म्हणाली, "येऊ दे रे त्याला." काका खाटेजवळ उभे राहिले. बोलायला आवाज नव्हता, म्हणून नुसते हात जोडले.

"तू कशाला हात जोडतंस?" आजी म्हणाली. "तुझा आवाज व्हता, म्हनून मी उठले. दुसऱ्या कोनाचा असता तर बसून रायले असते. तू खोटा बोलत न्हाय, मना ठाव हाय."

तिनं चांगल्या मनानं म्हटलं. पण काकांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. कुणीतरी खिडकीतून तो संदेश मोबाइलवर घेतला होता. तो सोसायटीच्या ग्रुपवरून बाहेर गेला, शेजारच्या काशीगावात पोचला, तिथून कुठं कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही. काका रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचे. फाटकापाशी गाडी थांबली की मान वळवून बघायचे. आवाज अजून आला नव्हता. कुजबुजत बोलायचे.

"खजिनदार, कुठवर गेला असेल हो?"

"काय?"

"आवाज माझा. गाडी गेली तर परत येते. हा परत येत नाही. आत्ता कुणीतरी कुठंतरी ऐकत असेल. कुणीतरी जिना उतरत असेल."

 मी चहा पुढं केला. ते कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

शेवटी बोलावणं आलं. अफवा पसरवल्याची कुणीतरी तक्रार केली होती. आम्ही दोघं चौकीत गेलो. तिथले अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी मोबाइलवर तो संदेश लावला. खोलीभर काकांचा आवाज घुमला. काका खुर्चीत असे आक्रसले की जणू दुसराच कुणी बलदंड माणूस खोलीत शिरला आहे.

"हे तुम्ही?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "वाचून दाखवा जरा."

काका उभे राहिले. पान धरलं. दुसऱ्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर दोनदा आपटली. सवय. तोंड उघडलं. कुजबुज.

अधिकाऱ्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "आजोबा, हा तुमचा आवाज नाही. कुणाला वाचवताय?" मग माझ्याकडे वळून, "नातू आहे का कुणी?"

तुम्ही लक्षात घ्या, तिथं सुटकेचं दार उघडं होतं. काकांनी नुसती मान खाली घातली असती तरी आम्ही घरी आलो असतो.  पण त्यांनी छातीवर हात ठेवला आणि जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणाले, "माझाच आहे, साहेब."

मग मी सगळं सांगितलं. मालिका, पंप, दिवा. अधिकाऱ्यांनी ते पान वाचलं, उलटं करून पाहिलं. एका लेखी समजपत्रावर सही घेतली आणि जा म्हणाले. आम्ही दारात पोचल्यावर त्यांनी हाक मारली. "आजोबा, पुढे काय होतं यात? कट यशस्वी होतो का?"

काका कुजबुजले, "माहीत नाही साहेब. मला एकच पान दिलंय."

शूटिंगला ते जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण शब्द दिलाय म्हणाले आणि गेले. मी त्यांना चेण्याजवळच्या सेटवर सोडायला गेलो. खोटं रेडिओ केंद्र होतं, खोटा माइक होता, मानेला खोटी बंदूक होती. भीती तेवढी खरी होती. त्या तरुण दिग्दर्शकाला चेहरा फार आवडला. आवाज नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "कोई बात नहीं अंकल, डब कर लेंगे।"

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. घसा स्वच्छ होता. आवाज का येत नाही ते त्यांना सांगता आलं नाही. सोसायटीनं नवा ॲम्प्लिफायर आणला, मोठा हिरवा दिवा असलेला. काका कार्यालयाच्या दारावरून जायचे तेव्हा पलीकडच्या बाजूनं जायचे. आजी वॉकर घेऊन खाली बसायला लागली, तेव्हा ते रोज तिच्याशेजारी बसायचे. दोघं फारसं बोलायची नाहीत. टँकर येणार असला की मात्र काका अजूनही वळणापर्यंत जाऊन बघून यायचे आणि फक्त तिच्या कानात सांगायचे.

मालिका यायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या जाण्याची सूचना भोंग्यावरून कुणी द्यायची यावर समिती बराच वेळ बसली. शेवटी कुणीच दिली नाही. आम्ही दारोदार जाऊन सांगितलं.

मालिकेचा तो भाग आमच्या घरी पाहिला. काकू होत्या, आजी होती, समोरचे गुजराती शेजारी होते. रणगाडे आले, टेलिफोनच्या तारा कापल्या गेल्या, मंत्री पळाले. माझ्या मुलीनं नकळत माझा हात धरला. मग रेडिओ केंद्र. मानेला बंदूक. आणि पडदाभर काकांचं तोंड.

काकूंनी पदर तोंडाला लावला.

माइकवर दोन टिचक्या झाल्या. मग एक परका, जाड, कमावलेला आवाज बोलू लागला. "देशवासियो..."

पण त्याआधी, टिचक्या आणि तो आवाज यांच्यामध्ये, काकांचे ओठ हलले होते. आवाज नव्हता. डबिंग करणाऱ्याला ते कळलं नसेल, किंवा पानावर नाही म्हणून त्यानं सोडून दिलं असेल. पाहणाऱ्या हजारोंनाही काही कळलं नसेल. आमच्या खोलीत मात्र सगळ्यांना ते ऐकू आलं.

 पडद्यावर गोळ्या सुटत होत्या. आजीनं वॉकरवरचा हात उचलला आणि टीव्हीच्या दिशेनं हलवला, उन्हात उभं राहून काकांनी हलवले होते तसा.

"न्हाय रे," ती म्हणाली, "न्हाय घाबरत."